बाबांना तीव्र स्लीप ॲप्निया निघाला आहे; सीपॅप यंत्र आयुष्यभर लावावे लागेल का?

मोरपंखी, पुणे (प्रश्न)

नमस्कार. माझे बाबा ५९ वर्षांचे आहेत आणि आईसह सांगलीत राहतात. ते पूर्वीपासून घोरतात, आणि घोरणे म्हणजे दिवसभर राबलेल्या माणसाला लागलेली गाढ झोप, असेच आमच्या घरात सगळे समजत आले. गेल्या वर्षभरात मात्र आईच्या लक्षात आले की घोरणे मध्येच एकदम थांबते, छाती आणि पोट हलताना दिसते पण श्वासाचा आवाज येत नाही, आणि मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज होऊन ते पुन्हा घोरू लागतात. सकाळी त्यांचे डोके जड असते, रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी उठावे लागते आणि दुपारी वर्तमानपत्र हातात असतानाच त्यांना पेंग येते. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा १५० च्या खाली क्वचितच येतो. मध्यंतरी कोल्हापूरहून परतताना गाडी चालवता चालवता त्यांचा डोळा लागला. शेजारी बसलेल्या काकांनी वेळीच हाक मारली म्हणून निभावले, आणि त्यानंतरच ते डॉक्टरांकडे जायला तयार झाले.

रुग्णालयात एक रात्र ठेवून त्यांची स्लीप स्टडी झाली. अहवालात एएचआय (झोपेत दर तासाला श्वास अडण्याची सरासरी) ४२, ऑक्सिजनची सर्वांत कमी पातळी ७१ टक्के आणि ‘तीव्र अडथळाजन्य स्लीप ॲप्निया’ (झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याचा आजार) असे निदान लिहिलेले आहे. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, घ्यायला सांगितले आहे. बाबांचे म्हणणे असे की एकदा यंत्र लावले की शरीराला त्याची सवय लागेल आणि मग ते कधीच सुटणार नाही. शिवाय ते काही फार लठ्ठ नाहीत. उंची १६५ सेंटीमीटर आणि वजन ७६ किलो आहे. त्यामुळे हा आजार आपल्याला असूच शकत नाही, असेही त्यांना वाटते. पुढच्या महिन्यात त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि ती झाल्यावर बघू, असे ते म्हणतात. थांबणे योग्य आहे का, आणि यंत्र खरोखरच कायमचे असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सह्यवारा, मुंबई

मी छातीविकारतज्ज्ञ आहे आणि झोपेतील श्वसनविकारांचे रुग्ण नियमितपणे पाहतो. तुमच्या वडिलांना प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचा निर्णय हाच अंतिम मानावा. पण तुम्ही दिलेल्या माहितीत इतके काही स्पष्ट आहे की सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आपल्या टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा जो भाग आहे, त्याला भोवताली हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नाही. बोलता यावे आणि गिळता यावे म्हणून तो मऊ आणि हलता असतो, आणि जागेपणी जिभेचे व घशाचे स्नायू सतत ताठ राहून तो उघडा ठेवतात. झोप लागली की हे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, त्यांच्यात श्वास आत ओढताना निर्माण होणाऱ्या खेचामुळे त्याच्या भिंती आत येतात. वाट थोडी अरुंद झाली की टाळू आणि पडजीभ थरथरते आणि त्या थरथरीच्या आवाजाला आपण घोरणे म्हणतो. वाट पूर्ण मिटली की श्वास थांबतो. तुमच्या आईंनी जे पाहिले, म्हणजे छाती-पोट हलते पण हवा जात नाही, तेच अडथळाजन्य ॲप्नियाचे नेमके वर्णन आहे. मेंदूकडून श्वास घेण्याचा आदेशच येत नाही असाही एक वेगळा प्रकार असतो आणि त्यात छाती हलतच नाही. त्यामुळे त्यांचे हे निरीक्षण फार मोलाचे आहे.

ऑक्सिजन उतरू लागला की मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू पुन्हा ताठ होतात, घुसमटल्यासारखा आवाज होऊन वाट उघडते आणि झोप पुन्हा लागते. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी रुग्णाला तिची आठवणही नसते. किमान १० सेकंद श्वास जवळजवळ पूर्ण थांबला तर तो ॲप्निया, आणि प्रवाह लक्षणीय कमी होऊन ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली तर तो हायपॉप्निया. या दोन्हींची झोपेच्या दर तासामागची सरासरी म्हणजे एएचआय. प्रौढांत ५ पेक्षा कमी असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र, अशी विभागणी आहे. एएचआय ४२ याचा अर्थ सहा तासांच्या झोपेत सुमारे २५० वेळा हा प्रसंग घडतो. ज्या झोपेला आपण गाढ समजत होतो, ती मुळात सलग झालेलीच नव्हती.

तुम्ही लिहिलेली बाकीची लक्षणेही याच एका कारणातून निघतात. प्रत्येक घुसमटीबरोबर ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात येतात, नाडी आणि रक्तदाब उसळतो, आणि हे वर्षानुवर्षे चालले की दिवसाचाही रक्तदाब चढा राहतो. तीन गोळ्यांनी दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे स्लीप ॲप्निया शोधावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवतो. रात्री वारंवार लघवी होण्याचे कारण अनेकदा प्रोस्टेटच समजले जाते. पण मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतील दाब फार खाली जातो, हृदयाचे कप्पे ताणले जातात, शरीरात पाणी जास्त झाले आहे असा चुकीचा संदेश हृदयाकडून जातो आणि त्यातून सुटणाऱ्या संप्रेरकामुळे मूत्रपिंड अधिक लघवी तयार करते. उपचार नीट सुरू झाल्यावर रात्रीचे उठणे कमी झाले, हे रुग्ण पुष्कळदा सर्वांत आधी सांगतात.

आता लठ्ठपणाविषयी. त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सुमारे २८ येतो. पाश्चात्त्य मोजमापाने तो केवळ ‘वजन थोडे जास्त’ या गटात बसेल, पण भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्यात कमी वजनातही पोटाभोवती आणि मानेभोवती चरबी जास्त साठते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खालचा जबडा लहान किंवा मागे असेल तर जिभेला पुरेशी जागा उरत नाही, आणि अशी चेहऱ्याची ठेवण आशियाई लोकांत सडपातळ माणसालाही हा आजार देऊ शकते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनदोष आढळला होता, आणि दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत होता. म्हणजे हा मूठभर लठ्ठ माणसांचा आजार नाही.

सीपॅपची सवय लागते, ही भीती मी जवळजवळ रोज ऐकतो. हे यंत्र खोलीतीलच हवा किंचित दाबाने मास्कमधून घशात सोडते आणि त्या दाबामुळे घशाच्या भिंती आत येऊ शकत नाहीत. ते शरीरात कोणतेही औषध सोडत नाही, तुमच्यासाठी श्वास घेत नाही आणि ऑक्सिजनही देत नाही. यंत्र लावले नाही तर घसा पूर्वी जसा मिटत होता तसाच मिटेल. यंत्र वापरल्यामुळे तो अधिक दुबळा होत नाही. चष्मा काढल्यावर अक्षरे पुसट दिसतात म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे. घसा अरुंद असण्याचे कारण जोवर कायम आहे, तोवर यंत्र लागणार, हे मात्र खरे आहे. ते कारण कमी झाले, विशेषतः वजन बरेच उतरले, तर पुन्हा तपासणी करून दाब कमी करता येतो आणि काहींचे यंत्र सुटतेही.

१९८१ पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. त्या वर्षी सिडनीतील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाची हवा देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यापूर्वी अशा रुग्णांपुढे कोणते पर्याय होते हे ठाऊक असले, की मास्ककडे पाहण्याची दृष्टी बदलते.

या उपचाराकडून नेमके काय मिळते, तेही सांगितले पाहिजे. दिवसाची पेंग, सकाळची डोकेदुखी, चिडचिड आणि एकाग्रता यांत स्पष्ट सुधारणा होते. रक्तदाब सरासरीने २ ते ३ अंकांनीच उतरतो. ज्यांचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही आणि जे यंत्र रोज पुरेसा वेळ लावतात, त्यांना फायदा याहून अधिक होऊ शकतो. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच झालेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. पण त्या चाचणीतील रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते, म्हणजे निम्मी रात्र घसा यंत्राविना मिटतच होता. रोज किमान चार तास ही आम्ही हिशेबासाठी धरलेली खालची मर्यादा आहे. जितका वेळ झोप, तितका वेळ यंत्र, असेच ध्येय ठेवावे.

एक गोष्ट आजपासूनच करा. उपचार स्थिरावून पेंग पूर्णपणे जाईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. या बाबतीत मी कधीच तडजोड करत नाही.

गोदाकाठ, नाशिक

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू मांडली आहे. मी कित्येक वर्षे सीपॅप वापरणारा रुग्ण म्हणून लिहितो. माझ्या अनुभवाने या उपचाराचे भवितव्य पहिल्या काही आठवड्यांत ठरते आणि नेमक्या त्याच काळात रुग्णाला एकटे सोडले जाते. विक्रेता यंत्र देऊन जातो, पहिल्या रात्री मास्क टोचतो, दुसऱ्या रात्री नाक कोरडे पडते, तिसऱ्या रात्री यंत्र कपाटात जाते आणि घरातले म्हणतात की यांना ते मानवले नाही. यातली प्रत्येक अडचण सुटण्यासारखी असते, म्हणून तपशिलाने सांगतो.

मास्कची निवड यंत्राच्या निवडीपेक्षा महत्त्वाची आहे. फक्त नाकपुड्यांशी बसणारा, पूर्ण नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे तीन मुख्य प्रकार आहेत. नाक मोकळे असणाऱ्याला नाकाचा मास्क बहुधा पुरतो. झोपेत ज्यांचे तोंड उघडे राहते त्यांची हवा तोंडातून निसटते, घसा कोरडा पडतो आणि दाबाचा उपयोग होत नाही, त्यांना तोंडासह झाकणारा मास्क लागतो. मास्क बसवून पाहताना आडवे व्हावे आणि यंत्र सुरू ठेवावे, कारण बसल्यावर आणि झोपल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. हवा निसटते म्हणून पट्टे आवळत जाणे ही बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, पण त्याने नाकावर वळ उठतात आणि गळतीही थांबत नाही. पट्टे सैल करून मास्क उचलून पुन्हा बसवला तर तो अधिक चांगला बसतो. दाट दाढी असेल तर गळती होतेच.

गुदमरल्यासारखे वाटणे ही दुसरी तक्रार. त्यासाठी दिवसा, जागेपणी, दूरदर्शन पाहताना किंवा वाचताना अर्धा तास मास्क लावून बसावे. झोपेच्या दडपणाशिवाय चेहऱ्याला त्याची ओळख होते. बहुतेक यंत्रांत सुरुवातीला दाब कमी ठेवून तो हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती सुरू आहे का हे पाहावे. नाक कोरडे पडत असेल तर ह्युमिडिफायर (यंत्राची हवा दमट करणारी पाण्याची टाकी) वापरावा आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, कारण बोअरच्या किंवा नळाच्या पाण्याचे क्षार टाकीत साठतात. नाक नेहमीच चोंदत असेल तर ते आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मास्कचा चेहऱ्याला लागणारा भाग रोज सौम्य साबणाने धुवावा, नाहीतर त्वचेच्या तेलाने तो लवकर खराब होतो.

सांगलीकडे वीज जाण्याची काळजी असेल तर ती रास्त आहे. घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालते. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर विजेचा वापर बराच घटतो. मास्कमध्ये श्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात आणि तोंडासह झाकणाऱ्या मास्कला यंत्र बंद पडल्यास बाहेरची हवा आत घेणारी झडपही असते, त्यामुळे वीज गेली तर माणूस कोंडला जात नाही.

विकत घेण्यापूर्वी यंत्र महिनाभर भाड्याने घ्यावे, असा माझा आग्रह आहे. मोठ्या शहरांतील अनेक पुरवठादार ही सोय देतात. अनेक आरोग्यविमा पॉलिसींत या यंत्राचा खर्च वगळलेला असतो, म्हणून पॉलिसी आधी वाचून घ्यावी. आणि यंत्र कोणतेही घ्या, पण ते रोजचे तास, गळती आणि शिल्लक राहिलेला एएचआय नोंदवणारे असावे. ती नोंद दर भेटीत डॉक्टरांना दाखवली की चर्चा अंदाजावर चालत नाही. यंत्र लावून एएचआय ५ च्या खाली राहत असेल तर दाब योग्य आहे, असे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते.

घरच्यांसाठी एकच सांगणे आहे. ‘लावले का?’ असे रोज विचारण्याऐवजी त्यांच्या शेजारी बसून मास्क बसवायला मदत करा. माझ्या पत्नीने ते केले, आणि माझ्याकडून यंत्र टिकले ते त्यामुळेच.

दातकोरणे, सोलापूर

मी दंतवैद्य आहे. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे, दातांवर बसवायचे उपकरण याच आजारासाठी वापरतात, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहितो. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि तिच्या मागची वाट मोकळी होते. सौम्य आणि मध्यम आजारात, किंवा प्रामाणिक प्रयत्न करूनही सीपॅप सहन न झालेल्यांना ते उपयोगी पडते. एएचआय ४२ असताना मी ते पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही. त्यासाठी पुरेसे बळकट दात लागतात आणि तोंड नीट उघडावे लागते. आपल्याकडे गुटखा, मावा आणि सुपारीमुळे तोंड आखडलेले रुग्ण इतके येतात की साधे माप घेणेही अशक्य होते. सुरुवातीला जबडा दुखणे आणि लाळ सुटणे, पुढे वर्षानुवर्षे वापरल्यावर दातांची बैठक किंचित बदलणे, हे त्याचे परिणाम आहेत. गरम पाण्यात मऊ करून चावायची जी स्वस्त उपकरणे ऑनलाइन मिळतात, त्यांच्यावर विसंबू नये. आणि उपकरण बसवल्यावर ते लावून स्लीप स्टडी पुन्हा करावी, कारण घोरण्याचा आवाज थांबला म्हणजे श्वासरोध थांबला, असे मुळीच नाही.

मोरपंखी, पुणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मी हे सगळे आई-बाबांना फोनवर वाचून दाखवले. गाडीची किल्ली आता आईकडे आहे. बाबा यंत्र भाड्याने घेऊन पाहायला तयार झाले आहेत, पण काही शंका उरल्या आहेत. एका नातेवाइकांच्या मते पडजिभेची शस्त्रक्रिया केली की एकदाचे सुटता येते. दुसऱ्यांनी रोज शंख फुंकायला सांगितले आहे आणि त्यावर संशोधन झाले असल्याची बातमीही पाठवली आहे. करोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात पडून आहे, ते रात्री लावले तर चालेल का, असेही बाबा विचारतात. आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे काय करावे?

अबोली, रत्नागिरी

तुमच्या प्रश्नांची उत्तरे डॉक्टर देतीलच. मला तुमच्या आईंसाठी चार ओळी लिहायच्या आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत हा आजार वाढतो, पण तो पुरुषांसारखा दिसत नाही. मी फार मोठ्याने घोरत नव्हते. मला झोप लागायची नाही, लागली तर मोडायची, दिवसभर थकवा असायचा आणि मन उदास राहायचे. थायरॉइड तपासून झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, झोपेच्या गोळ्याही झाल्या, आणि वय झाले की असेच होते हेही ऐकून झाले. स्लीप स्टडीचा विचार कोणाच्या मनातच आला नाही, कारण ती तपासणी घोरणाऱ्या जाड पुरुषांची, असा समज होता. माझा एएचआय मध्यम निघाला आणि उपचाराने फरक पडला. वडिलांच्या शेजारी इतकी वर्षे जागरण करणाऱ्या तुमच्या आईंना थकवा असेल, तर तो केवळ जागरणाचा आहे असे गृहीत धरू नका.

सह्यवारा, मुंबई

अबोलीताईंचा मुद्दा अगदी योग्य आहे. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या आजाराच्या प्रमाणात असायला हवी त्यापेक्षा नेहमीच कमी असते, आणि यात आम्हा डॉक्टरांचीही जबाबदारी आहे.

आता शंकांकडे येतो. पडजीभ आणि मऊ टाळूचा भाग कापून वाट मोठी करण्याची शस्त्रक्रियाही १९८१ पासूनच प्रचलित आहे. अडथळा फक्त टाळूच्या पातळीवर असेल किंवा टॉन्सिल फार मोठे असतील, तर तिचा चांगला उपयोग होतो. पण बहुसंख्य प्रौढांत जिभेच्या मागेही घसा मिटतो, आणि तिथे या शस्त्रक्रियेचा परिणाम पोहोचत नाही. म्हणून निर्णयापूर्वी औषधाने झोप आणून दुर्बिणीने घसा नेमका कुठे मिटतो ते पाहतात. अशी तपासणी न करता ‘एकदाचे सुटेल’ असे कोणी सांगत असेल तर दुसरे मत घ्यावे. नाकाचे वाकडे हाड सरळ केल्याने ॲप्निया सहसा जात नाही, पण नाक मोकळे झाल्याने सीपॅप सुसह्य होते. लहान मुलांत चित्र वेगळे असते. त्यांच्यात टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) काढणे हाच बहुधा मुख्य उपचार ठरतो.

शंखाची बातमी खरी आहे. जयपूरमध्ये मध्यम तीव्रतेच्या ३० रुग्णांवर झालेला हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच दिवस, दररोज किमान १५ मिनिटे, असे सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली आणि श्वासरोध ताशी सरासरी चार-पाचने घटले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळाल्याने हे घडू शकते आणि मला त्याचे मनापासून कुतूहल आहे. पण ४२ मधून पाच वजा केले तरी आजार तीव्रच राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमच्या वडिलांना हर्निया आहे, आणि जोर लावून शंख फुंकताना पोटातील दाब वाढतो. त्यांनी सध्या ते अजिबात करू नये.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावू नका. वाट मिटलेली असताना नाकाशी ऑक्सिजन वाढवला तर बोटावरचा आकडा थोडा बरा दिसतो, पण घुसमट आणि झोपमोड तशीच राहते. काही रुग्णांत तर श्वासरोध अधिक लांबू शकतो आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

वजनाकडे मात्र पूर्ण लक्ष द्यावे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत १० टक्के वजन घटल्यावर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी घटल्याचे २००० मध्ये मांडले गेले. तुमच्या वडिलांसाठी याचा अर्थ सात-आठ किलो आणि एएचआय ३० च्या आसपास, म्हणजे हा फरक पुरेसा नाही, पण सीपॅपचा दाब सौम्य होण्याइतका आणि रक्तदाब-साखरेला साथ देण्याइतका. टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणासह असलेल्या मध्यम व तीव्र ॲप्नियासाठी मान्यता दिली. त्याच्या चाचण्यांत एएचआय सरासरी २५ ते २९ ने उतरला होता, मात्र त्या रुग्णांचा बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक होता. तुमच्या वडिलांना ते लागू पडेल का, हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, म्हणून ते दोन्ही पूर्ण टाळावे. पाठीवर झोपल्याने जीभ मागे पडते. कुशीवर झोपण्याची सवय आजपासून लावता येईल. अहवालात उताणे आणि कुशीवर असताना एएचआय किती, हे वेगळे लिहिलेले असते, तेही पाहा.

हर्नियाविषयी. हर्निया अडकलेला नसेल आणि शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल, तर आधी सीपॅप सुरू करून ते काही आठवडे अंगवळणी पडू द्यावे आणि मग शस्त्रक्रिया करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तारीख पुढे ढकलता येईल का, ते शल्यविशारदांना विचारा. ‘शस्त्रक्रिया झाल्यावर बघू’ हा क्रम उलटा आहे, कारण भूल आणि नंतरची वेदनाशामके, विशेषतः अफूवर्गीय औषधे, घशाचे स्नायू सैल करतात आणि घुसमटल्यावर जागे होण्याची मेंदूची क्षमताही मंदावतात. स्लीप स्टडीचा पूर्ण अहवाल भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा. कमरेखालचा भाग बधिर करून काम होणार असेल तर ते बहुधा त्यालाच प्राधान्य देतील. सीपॅप यंत्र आणि त्यांचा स्वतःचा मास्क रुग्णालयात सोबत न्या, शस्त्रक्रियेनंतर दिवसा डुलकी लागली तरी तो लावायला सांगा, आणि पहिल्या रात्री ऑक्सिजनची पातळी सतत मोजली जाईल अशा ठिकाणी त्यांना ठेवण्याची विनंती करा. त्या रात्री आईंऐवजी तुम्ही किंवा काकांनी थांबावे, आणि जो थांबेल त्याला मास्क बसवता यायला हवा.